मोकळ्या कुरणांचा उदयास्त : अमेरिकेतील काउबॉय आणि त्यांचे गोधन

चराईचा विषय निघाला की बहुतेक गावी एक वाक्य हमखास ऐकावयास मिळते : "रान एवढे मोठे पडले आहे, जनावरांना खाण्याची काय वाण?" हे वाक्य बोलणारा शेतकरी अडाणी असतो असे मुळीच नाही. चांगल्या पावसाच्या वर्षी, आश्विन महिन्यात, त्याचे म्हणणे खरेच असते. परंतु ह्याच एका विश्वासावर उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी लक्षावधी गुरांचा एक प्रचंड धंदा उभा राहिला, जेमतेम वीस-बावीस वर्षे भरभराटला आणि एका हिवाळ्यात कोलमडून पडला. त्या धंद्याची हकीकत ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आणि गुरे बाळगणाऱ्या शेतकऱ्यांनी मुळातून समजून घेण्याजोगी आहे.

चित्रपटांमुळे 'काउबॉय' हा शब्द आता आपल्याकडेही सर्वांना ठाऊक झाला आहे. कमरेला पिस्तूल, डोक्यावर रुंद काठाची टोपी आणि सदैव भांडणाच्या तयारीत असलेला स्वार, असे त्याचे चित्र आपल्या मनात असते. प्रत्यक्षातला काउबॉय हा महिना तीस-चाळीस डॉलरांवर राबणारा पगारी गुराखी होता. त्याचे वय बहुधा विशी-पंचविशीचे, घोडे बहुधा मालकाचे. स्वतःचे म्हणावे असे खोगीर तेवढे. त्यांच्यात गोऱ्यांबरोबरच गुलामगिरीतून नुकतेच मुक्त झालेले कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन ह्यांचा भरणा मोठा होता, ही गोष्ट चित्रपटांतून क्वचितच दिसते. इ. स. १८८३ मध्ये टेक्सासच्या उत्तर भागातील काउबॉयांनी पगारवाढीसाठी चक्क संपही पुकारला होता. तो फसला, हे सांगणे नलगे.

ही विद्या मूळची अमेरिकनांची नव्हेच. कोलंबसाने इ. स. १४९३ मधील दुसऱ्या सफरीत स्पेनची गुरे नव्या जगात नेली. तेथून ती मेक्सिकोत पोचली. अफाट माळांवर मोकाट गुरे घोड्यावर बसून राखण्याची पद्धत तेथील 'वाकेरो' लोकांनी सिद्ध केली. स्पॅनिश भाषेत 'वाका' म्हणजे गाय. तेव्हा वाकेरो म्हणजे आपला गोपालच. फासाचा दोर, उंच मुठीचे खोगीर, जनावराच्या अंगावर तापल्या लोखंडाने मालकीचा डाग देणे हे सारे काउबॉयने वाकेरोपासून उचलले. टेक्सास प्रांतात ही स्पॅनिश गुरे पिढ्यान् पिढ्या रानात वाढून लांब शिंगांची, काटक, लांब चालीची एक जात तयार झाली. तिला 'लाँगहॉर्न' म्हणतात. मांस फारसे चांगले नाही, दूध जवळजवळ नाही. पण पाण्यावाचून दूरवर चालण्यात आणि मिळेल ते खाऊन जगण्यात तिची बरोबरी दुसऱ्या जातीला करता आली नसती.

दोन बाजारभावांतील अंतर

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६१ ते १८६५ असे चार वर्षे चालले. टेक्सासचे पुरुष लढाईवर गेले, बाजार तुटला आणि गुरे मात्र रानात वाढत राहिली. युद्ध संपले तेव्हा तेथे कित्येक लक्ष गुरे बिनडागी, म्हणजे बिनमालकी, हिंडत होती. टेक्सासात एका जनावराला तीन-चार डॉलर मिळणे कठीण. आणि उत्तरेकडील वाढत्या शहरांत त्याच जनावराला तीस-चाळीस डॉलर! सारा उद्योग ह्या एका फरकावर उभा राहिला. प्रश्न होता तो फक्त गुरे आगगाडीपर्यंत नेण्याचा, आणि आगगाडी होती शेकडो मैल उत्तरेस.

जोसेफ मॅकॉय नावाच्या एका गुरांच्या व्यापाऱ्याने १८६७ मध्ये कॅन्सस प्रांतातील ॲबिलीन ह्या आडवळणी खेड्यात, नव्या लोहमार्गालगत, गुरांचे वाडे, वजनकाटा आणि एक खाणावळ बांधली. त्या पहिल्या वर्षी सुमारे ३५,००० गुरे तेथून शिकागोकडे रवाना झाली. १८७१ च्या एका हंगामात टेक्सासहून उत्तरेस निघालेल्या गुरांची संख्या सहा लाखांच्या घरात होती. ज्या वाटेने ती बहुतांशी गेली ती 'चिझम वाट' जेसी चिझम नावाच्या एका व्यापाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. त्याची आई चेरोकी जमातीची होती, आणि त्याने ती वाट आपल्या मालाच्या गाड्यांसाठी वापरात आणली होती. पुढील वीस वर्षांत टेक्सासमधून पन्नास लाखांहून अधिक गुरे अशी पायी हाकारून बाहेर पडली.

एका कळपात दोन ते तीन हजार जनावरे आणि त्यांना नेणारी माणसे अवघी दहा-बारा. आपल्या धनगर बांधवांच्या वाड्यावरच्या व्यवस्थेशी ह्याची तुलना करून पाहावी. पुढे दोन अनुभवी स्वार कळपाची दिशा धरीत, दोन्ही बगलांना काहीजण कळप फाकू देत नसत, आणि पिछाडीला नवशिकी पोरे दिवसभर धूळ खात लंगडी-पांगळी गुरे पुढे लोटीत. एक मुकादम, एक राखीव घोडे सांभाळणारा मुलगा आणि एक आचारी. चार्ल्स गुडनाइट ह्या पशुपालकाने १८६६ मध्ये एका जुन्या लष्करी गाडीच्या पाठीमागे कप्पे आणि उघडझाप करता येणारी फळी बसवून शिध्याची गाडी तयार केली. कळपाच्या पुढे जाऊन मुक्कामाच्या जागी जेवण तयार ठेवणारा आचारी हा मुकादमाच्या खालोखाल मानाचा माणूस समजला जाई.

दिवसाकाठी दहा-बारा मैलांहून अधिक चाल घेत नसत. ह्यात मोठे शहाणपण होते. टेक्सासच्या दक्षिण भागापासून ॲबिलीनपर्यंतची वाट आठशे ते हजार मैलांची. ती तीन महिन्यांत चरत चरत तोडली, तर गुरे निघताना होती त्याहून बरी होऊन पोचत. घाई केली तर हाडे पोचत. रात्री दोघे स्वार कळपाभोवती विरुद्ध दिशांनी फेऱ्या घालीत आणि हलक्या आवाजात गात असत. त्यात रसिकतेचा भाग थोडा. माणसाचा ओळखीचा आवाज सतत कानी पडला की गुरे बिचकत नाहीत, हे त्याचे कारण. वीज कडाडली किंवा एखादे भांडे पडले, तरी सारा कळप अंधारात चौखूर उधळे. मग जीव धोक्यात घालून आघाडीच्या जनावरांना एका बाजूस वळवीत वळवीत कळपाचे वर्तुळ करावे लागे. भरल्या नद्या ओलांडतानाही माणसे आणि गुरे वाहून जात.

निरोगी गुरे, आजारी कुरणे

ह्या वाटचालीत एक विलक्षण गोष्ट दिसून आली. टेक्सासची धडधाकट गुरे ज्या वाटेने जात, त्या वाटेवरील स्थानिक शेतकऱ्यांची गुरे महिना-दीड महिन्याने तापाने फणफणत, लाल लघवी करीत आणि पटापट मरत. टेक्सासच्या गुरांना मात्र काहीच होत नसे. १८६८ मध्ये इलिनॉय आणि इंडियाना ह्या प्रांतांत अशी हजारो गुरे दगावली. शेतकरी बंदुका घेऊन वाटा अडवून उभे राहू लागले. शेवटी १८८५ मध्ये कॅन्ससने टेक्सासच्या गुरांना आपल्या हद्दीत बंदी केली. लांब वाटांचा धंदा संपण्याचे हे एक प्रमुख कारण होय.

रोगाचे मूळ शोधण्याचे श्रेय अमेरिकेच्या केंद्रीय पशुसंवर्धन खात्यातील थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न ह्यांच्याकडे जाते. गुराखी आणि शेतकरी फार पूर्वीपासून गोचिडाकडे बोट दाखवीत होते. विद्वान त्यांना हसत. स्मिथ आणि किलबोर्न ह्यांनी कुंपणे घालून वेगवेगळ्या कुरणांत प्रयोग केले. दक्षिणेकडील गुरांच्या अंगावरचे सर्व गोचीड हाताने वेचून ती उत्तरेच्या गुरांत सोडली, तर कोणी आजारी पडेना. आणि दक्षिणेचे एकही जनावर न आणता नुसते गोचीड कुरणात टाकले, तरी तेथील गुरे आजारी पडत. १८९३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गोचीड रक्त पिऊन खाली पडतो, मादी हजारो अंडी घालते, ती उबून निघालेली पिल्ले गवतावर चढून नव्या जनावराला लागतात. महिना-दीड महिन्याचे अंतर पडे ते ह्यामुळे. टेक्सासच्या वासरांना हा रोग लहानपणीच सौम्य स्वरूपात होऊन जात असल्याने ती पुढे निर्धास्त राहत, पण रोगाचे जंतू अंगात वागवीत.

हा भाग आम्ही मुद्दाम विस्ताराने दिला आहे. कारण हाच रोग आपल्याकडेही आहे आणि त्याचा वाहक गोचीडही त्याच कुळातला. जर्सी किंवा होल्स्टीन रक्ताची संकरित गाय लाल लघवी करू लागली आणि शेजारची गावरान गाय मात्र खुशाल रवंथ करीत उभी असली, तर करणी किंवा दृष्ट ह्यांचा विचार न करता तात्काळ पशुवैद्यकास बोलवावे. उशीर झाल्यास उपाय चालत नाही. अमेरिकेने १९०६ पासून गुरांना औषधी पाण्यातून बुडवून काढण्याची देशव्यापी मोहीम चालविली आणि १९४३ पर्यंत, मेक्सिकोच्या सीमेवरील एका पट्ट्याखेरीज, हा गोचीड देशातून हद्दपार केला.

ह्याच संकटामुळे टेक्सासच्या लोकांची दृष्टी आपल्या देशाकडे वळली, हे फार थोड्यांस ठाऊक आहे. वशिंडाची भारतीय गुरे उन्हाला आणि गोचिडाला दाद देत नाहीत, असा लौकिक तेथवर गेला होता. टेक्सासमधील पियर्स घराण्याच्या कुरणांचे व्यवस्थापक बॉर्डन हे १९०६ मध्ये स्वतः भारतातून वळू घेऊन गेले. कांकरेज, ओंगोल, गीर आणि आपल्या शेजारची कृष्णाखोरी, ह्या जातींच्या रक्तातून पुढे तेथे 'ब्राह्मन' ही मांसाची जात तयार झाली. आज अमेरिकेच्या उष्ण दक्षिण भागात तिचे रक्त सर्वत्र आढळते. कृष्णेच्या काठी मात्र कृष्णाखोरी बैलाची जोडी आता शोधावी लागते!

फुकट गवताचे गणित

वाटेवरच्या गुरांपैकी सर्वच आगगाडीत चढली नाहीत. रानगव्यासारख्या 'बायसन' ह्या जनावरांचे कोट्यवधींचे कळप ज्या माळांवर चरत होते, ते माळ १८७० नंतर झपाट्याने रिकामे झाले. कातड्यासाठी बायसनची इतकी कत्तल झाली की १८८९ च्या सुमारास ते एक हजाराच्या आसपास उरले. त्यांच्यावर जगणाऱ्या कोमांची, शायेन, लाकोटा आदी मूळ रहिवाशांना लढाईत हरवून राखीव प्रदेशांत कोंडण्यात आले. गवत 'फुकट' झाले ते असे. ह्या धंद्याची पहिली किंमत ज्यांनी मोजली त्यांची नावे कोणत्याही जमाखर्चात नव्हती.

मग वायोमिंग, मोंटाना आणि डाकोटाच्या सरकारी जमिनीवर गुरे नेऊन मोकळी सोडण्यात आली. गवत कोणाचेच नव्हते, म्हणून सर्वांचे होते. पाणी मात्र मोजक्या ठिकाणी होते. १८६२ च्या कायद्याप्रमाणे कोणालाही १६० एकर सरकारी जमीन वसाहतीसाठी मिळे. ओढ्याकाठचा तेवढा तुकडा ताब्यात घेतला की मागचे सारे माळरान आपोआप हाती येई. कायद्यात ह्या हक्काला आधार नव्हता. तो केवळ रिवाज होता.

कुंपण नसल्याने सर्वांची गुरे एकमेकांत मिसळत. म्हणून वसंतात सर्व मालकांचे गुराखी एकत्र येऊन मैलोगणती रान धुंडाळीत आणि गुरे एका जागी आणीत. वासरू ज्या गाईच्या मागे जाई, तिच्या डागाचाच डाग त्याला देत आणि गोऱ्हे खच्ची करीत. शरद ऋतूत दुसरा मेळावा भरे व विक्रीची जनावरे निवडली जात. हे सामुदायिक काम अत्यंत शिस्तीत चाले आणि त्याबद्दल त्या लोकांचे कौतुकच केले पाहिजे.

तेथील बफेलो आणि ग्रामा ही आखूड गवते उभ्या उभ्या वाळली तरी त्यांतील कस टिकतो. त्यामुळे हिवाळ्यातही गुरे बाहेर चरू शकत. (आपल्या कुसळीचे तसे नाही; ती फुलोऱ्यात कापली तरच वैरण म्हणून उपयोगी, पिकल्यावर निकस.) ह्यावरून गणित मांडण्यात आले : पाच डॉलरांचे वासरू, चार वर्षे फुकट गवत, आणि शेवटी चाळीस-पन्नास डॉलरांचा बैल. खर्च तो काय, काही गुराख्यांचा पगार! हे गणित छापलेली पुस्तके निघाली. १८८० नंतर लंडन आणि एडिंबरो येथील भांडवलदारांनी मोठमोठ्या कंपन्या काढल्या. त्यांतील कित्येकांनी आपली गुरे डोळ्यांनी पाहिलीही नव्हती. कळपांची खरेदी 'वहीवरच्या' आकड्यावर होई. एवढ्या गाई होत्या, म्हणजे एवढी वासरे झाली असतील, एवढी मेली असतील, असा हिशेब करून शिल्लक काढावयाची आणि तेवढ्याचे पैसे द्यावयाचे. रानात जाऊन शेपट्या मोजण्याची तसदी कोणी घेत नसे.

आणि गवत? गवताचा हिशेब कोणत्याच वहीत नव्हता. ह्या धंद्यातील मूळ दोष नेमका येथे आहे असे मला वाटते. प्रत्येक मालकाला दिसत होते की रानात गुरे जास्त झाली आहेत. परंतु आपण दोनशे गुरे कमी केली, तर त्यांनी सोडलेले गवत शेजाऱ्याची दोनशे गुरे खाणार, हेही त्याला दिसत होते. म्हणून कमी कोणीच केली नाहीत. १८८५ मध्ये मध्यभागातील शायेन-आरापाहो राखीव प्रदेशातून गुरे हलविण्याचा हुकूम राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड ह्यांनी काढला, तेव्हा तेथील सुमारे दोन लाख गुरे आधीच भरलेल्या कुरणांत येऊन पडली. भाव तर उतरणीस लागलेच होते.

काटेरी तार

झाडे नाहीत, दगड नाहीत, अशा माळावर कुंपण कशाचे घालावयाचे? हे उत्तर इलिनॉयमधील जोसेफ ग्लिडन ह्या शेतकऱ्याने दिले. २४ नोव्हेंबर १८७४ रोजी त्याला काटेरी तारेचे पेटंट मिळाले. आज आपल्या बांधावर दिसणारी तार त्याच नमुन्याची. तार आणि पाणी उपसणारी पवनचक्की ह्यांच्या बळावर लहान शेतकरी माळावर पिके घेऊ लागला. मोठ्या कंपन्यांनीही सरकारी जमीन बेकायदा तारेने वेढली. टेक्सासात १८८३ मध्ये रात्री-अपरात्री तारा तोडण्याचे सत्र सुरू झाले, रक्तपात झाला आणि १८८४ मध्ये तार तोडणे हा गंभीर गुन्हा ठरला.

वादळ आले की गुरे वाऱ्याकडे पाठ करून चालू लागतात आणि आडोसा मिळेपर्यंत चालतच राहतात. १८८५-८६ च्या हिवाळ्यात दक्षिणेकडील माळांवर ती अशीच चालत आली आणि उत्तरेकडून येणारी गुरे अडविण्यासाठी घातलेल्या लांबच लांब तारेपाशी येऊन थटली. मागची पुढच्यांवर रेटली गेली. हजारो तेथेच गोठून मेली.

त्या दक्षिणेतल्या इशाऱ्याकडे उत्तरेने लक्ष दिले नाही. १८८६ चा उन्हाळा कोरडा गेला. गवत मुळापर्यंत खाल्ले गेले होते. नोव्हेंबरपासूनच हिम पडू लागले. जानेवारी १८८७ मध्ये थोडे ऊन पडून हिमाचा वरचा थर वितळला आणि पुन्हा गोठून त्याचे टणक कवच झाले. घोडा खुराने हिम उकरून खाली गवत शोधतो. गाईला ती सवय नाही. कवचाने पाय सोलून निघत. पारा उणे चाळीस अंशांच्या आसपास गेला. भुकेली गुरे वस्त्यांत शिरून झाडांच्या साली आणि झोपड्यांवरील डांबरी कागद खाऊ लागली. वसंतात नद्यांच्या पुरातून सांगाडे वाहत गेले. काही भागांत निम्म्याहून अधिक गुरे मेली. नुकसान सर्वत्र सारखे नव्हते. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट ह्यांचाही डाकोटातील कळप अर्ध्याहून जास्त गेला. मोंटानात एका मालकाने कळपाचे कुशल विचारले असता, चार्ल्स रसेल ह्या तरुण गुराख्याने पत्र लिहिण्याऐवजी एका कार्डावर बरगड्या निघालेल्या, वाकलेल्या एका बैलाचे चित्र काढून पाठविले. रसेल नंतर प्रसिद्ध चित्रकार झाला.

गणती झाली तेव्हा वहीवरचे आकडेही उघडे पडले. पुष्कळशी गुरे कधी नव्हतीच. त्यांचेही मरण त्या हिवाळ्याच्या नावावर मांडून टाकण्यात आले. स्वान ही एडिंबरोची बलाढ्य कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीच्या दारी पोचली.

मोंटानातील जुने पशुपालक ग्रॅनव्हिल स्टुअर्ट ह्यांनी नंतर लिहून ठेवले की, ज्या जनावराला आपण खाऊ घालू शकत नाही आणि आडोसा देऊ शकत नाही, असे जनावर पुन्हा बाळगण्याची इच्छाच त्यांना उरली नाही. जे टिकले त्यांनी कळप लहान केले, लाँगहॉर्नऐवजी हेरफर्ड वळू आणले, ओढ्याकाठच्या जमिनी पाण्याखाली आणून गवत पिकविले आणि हिवाळ्यापूर्वी गंज्या रचल्या. सरकारी कुरणांवर किती जनावरे सोडावयाची हे ठरविणारा टेलर चराई कायदा मात्र १९३४ मध्ये आला, म्हणजे त्या हिवाळ्यानंतर सत्तेचाळीस वर्षांनी. तेथे आजही परवाना मिळतो तो एक गाय व तिचे वासरू एका महिन्यात किती गवत खाते, ह्या मापाने.

काउबॉय कोठे गेला नाही. फक्त त्याच्या हाती दोराबरोबर पक्कड, खिळे आणि गवत उचलण्याचा काटा आला. घोड्यावरून न उतरता जे होत नाही ते काम आपले नव्हे, असे तो पूर्वी अभिमानाने सांगत असे. आता उन्हाळाभर तो तारेचे खांब ठोके आणि गवत कापण्याच्या यंत्रावर बसे. हिवाळ्यात रोज सकाळी गाडीतून गंजीचे गवत हिमावर पसरीत जाई, आणि गुरे हाकारल्यावाचून त्याच्या मागून येत.